ठोकळे, प्लॅटफॉर्म खेळांतील
ज्या व्हिडिओ खेळांत खेळाडूच्या ताब्यातील पात्र धावत व उड्या मारीत एका आधारावरून दुसऱ्या आधारावर जाते, त्यांस प्लॅटफॉर्म खेळ म्हणतात. अशा अनेक खेळांतील जमीन, भिंती, पायऱ्या व अडथळे एकाच आकारमानाच्या चौरस घटकांचे रचलेले असतात. या घटकांस ठोकळा (ब्लॉक) ही संज्ञा आहे. ठोकळ्यांचे प्रकार पाडून त्यांना नावे देणे वरवर सोपे वाटते. तथापि ठोकळा कसा दिसतो, कसा वागतो आणि त्याच्या पोटात काय आहे, या तीन गोष्टी एकमेकींशी जुळतातच असे नाही. वर्गीकरणाच्या बहुतेक अडचणी यातूनच उद्भवतात.

ठोकळ्यांच्या वापरामागे तांत्रिक काटकसर होती. जपानमधील निंटेंडो कंपनीच्या फॅमिकॉम (१९८३) या यंत्रात पडद्यावरील पार्श्वभूमी ८ × ८ चित्रबिंदूंच्या तुकड्यांची बनविलेली असे. सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) या खेळात असे चार तुकडे मिळून एक ठोकळा होतो व पडद्याच्या रुंदीत १६ ठोकळे मावतात. आज्ञावली व चित्रे मिळून सगळा खेळ ४० किलोबाइटांत बसविलेला होता. त्यामुळे आकाशातील ढग व जमिनीवरील झुडूप यांची आकृतीही एकच असून केवळ रंग बदललेला आहे. तेव्हा दिसण्यावरून जात ठरविण्याचा मार्ग आरंभापासूनच बेभरवशाचा होता.

डग्लस स्मिथ यांच्या लोड रनर (१९८३) या खेळात हे अधिक स्पष्ट दिसते. त्यात खणता येणारी व काही वेळाने पुन्हा भरून येणारी साधी वीट, मुळीच न खणता येणारी भक्कम वीट आणि पाय ठेवताच खाली पाडणारी फसवी वीट असे तीन प्रकार आहेत. फसवी वीट साध्या विटेसारखीच दिसते. परंतु या खेळासोबत नवे टप्पे रचण्याचे साधनही दिलेले होते व ते वापरणाऱ्याला फसवी वीट स्वतंत्र प्रकार म्हणूनच निवडावी लागे. खेळणाऱ्याला दोन प्रकार दिसत, तर रचणाऱ्याच्या हाती तीन असत.

सुपर मारिओ ब्रदर्समध्ये हा भेद पुष्कळच वाढला. प्रश्नचिन्हांकित ठोकळा (जपानी नाव ‘हातेना’, म्हणजे प्रश्नचिन्ह, ठोकळा) आपल्यात काही असल्याचे उघड सांगतो. वीट मात्र गप्प राहते. लहान मारिओने खालून धडक दिल्यास रिकामी वीट नुसती उसळते, मोठ्याने दिल्यास फुटते. पण तीत नाणी, तारा, वेल किंवा जादा जीव दडलेला असल्यास ती फुटत नाही. दिसायला सारख्या अशा विटांना आज्ञावलीत वेगवेगळे क्रमांक आहेत. अदृश्य ठोकळ्याला तर रूपच नाही : खालून डोके आपटले तरच तो प्रकट होतो, एरवी पात्र त्यातून आरपार जाते.

पोटातील वस्तूवरून नाव देणेही निर्दोष नाही. खेळाडू ज्याला अळंबीचा ठोकळा म्हणतात, तोच ठोकळा मारिओ मोठा असल्यास अळंबीऐवजी फूल देतो. ‘दहा नाण्यांची वीट’ हे नाव तर सरळ चुकीचे ठरते. पहिल्या धडकेबरोबर एक कालमापक सुरू होतो व तो संपल्यानंतरच्या धडकेला शेवटचे नाणे निघते. नाण्यांची संख्या धडका देण्याच्या वेगावर अवलंबून असते. लोकांनी मोजले ते नाव झाले, यंत्रणा निराळीच राहिली.

शिवाय प्रकार व अवस्था यांची सीमा निश्चित नाही. वापरून रिता झालेला ठोकळा हा वेगळा प्रकार मानावा की जुन्याच ठोकळ्याची अंतिम अवस्था, याविषयी दोन्ही बाजूंनी बोलता येते. सुपर मारिओ ब्रदर्स ३ (१९८८) मध्ये एक कळ दाबताच काही काळ विटांची नाणी व नाण्यांच्या विटा होतात. सुपर मारिओ वर्ल्ड (१९९०) मध्ये तुटक रेषांची नुसती चौकट असलेल्या जागा त्या त्या रंगाची मोठी कळ दाबल्यावर कायमच्या भरीव होतात.

म्हणून वर्तनाला प्रथम स्थान देणारे वर्गीकरण अधिक ग्राह्य होय : ठोकळा कोणत्या दिशेच्या स्पर्शाला प्रतिसाद देतो, पात्राच्या कोणत्या अवस्थेत देतो, आणि झालेला बदल कायम राहतो की नाही. रूप व आशय ही त्यानंतरची लक्षणे. जुना खेळ नव्या यंत्रावर पुन्हा उभारताना किंवा त्याची नोंद करून ठेवताना हा प्रश्न केवळ शब्दांचा राहत नाही. सुपर मारिओ ब्रदर्सच्या ४–२ या टप्प्यात अदृश्य ठोकळे उघडून त्यांच्या आधारे एका विटेपर्यंत पोचता येते. त्या विटेतून निघालेल्या वेलीवरून थेट सहाव्या, सातव्या किंवा आठव्या जगात जाण्याची वाट आहे. पडद्यावरील चित्रांवरून केलेल्या यादीत अदृश्य ठोकळे गळतात, वेलीची वीट साध्या विटांत मिसळते आणि ती वाटच नाहीशी होते.

सुपर मारिओ मेकर (२०१५) या खेळात टप्पे रचण्याचे काम खेळाडूंकडेच आले. तेथे अदृश्य ठोकळ्याला रचनेपुरते दृश्य रूप द्यावे लागले, आणि प्रश्नचिन्हांकित ठोकळ्यात वा विटेत हवी ती वस्तू घालता येऊ लागल्याने आशय हा प्रकारापासून वेगळा झाला.