जमिनीशीं भेट

२५ जुलै २०२२ रोजीं सकाळीं इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडी येथील एका शेतांत एक लहानसें विमान येऊन पडलें. बारामतीहून उड्डाणाच्या सरावासाठीं निघालेली बावीस वर्षांची एक विद्यार्थिनी त्यांत एकटीच होती. विमानाची मोडतोड झाली. मुलीस दुखापत झाली, परंतु सुदैवानें प्राण वांचले. पुढें १९ व २२ ऑक्टोबर २०२३ रोजीं बारामतीच्या परिसरांत शिकवणीचीं आणखी दोन विमानें पडलीं. हीं विमानें या भागांतील मुलांच्या नित्य पाहण्यांतलीं आहेत. तेव्हां आकाशांतून सुखरूप खालीं येणें इतकें अवघड कां, याचा थोडा विचार करूं.

असे मोठे अपघात विरळा; परंतु आदळून उतरणें, ज्यास वैमानिक ‘हार्ड लँडिंग’ म्हणतात, तें बहुतेक शिकाऊंच्या वांट्यास केव्हां तरी येतेंच. समजा, मिनिटास ५०० फूट या वेगानें खालीं येणारें विमान तसेंच जमिनीस टेकलें, तर धक्का सुमारें १ फुटावरून पडण्याइतका बसतो. हा वेग दुप्पट झाला तर धक्का २ फुटांचा नव्हे, ४ फुटांचा होतो. कारण आघाताची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. गणिताच्या तासास रुक्ष वाटणारा वर्ग येथें हाडें मोडतो!

म्हणून धांवपट्टी अगदीं जवळ येतांच वैमानिक विमानाचें नाक हळूच वर उचलतो. तें लवकर उचललें तर वेग सरून विमान वरूनच धपकन् पडतें. उशीरां उचललें तर पुढील नाजूक चाक प्रथम आपटतें व विमान चेंडूसारखें उसळतें. घाबरलेला शिकाऊ मग दांडा पुढें लोटतो आणि दुसरी उसळी पहिलीहून वाईट होते. अशा वेळीं इंजिनास पूर्ण जोर देऊन पुन्हां वर जावें व नव्यानें उतरावें, हाच शहाणपणा. उन्हाळ्यांत तापलेल्या माळावरून वर उठणारी हवा ही परीक्षा आणखी कठीण करते.

हेलिकॉप्टरची गोष्ट याहून निराळी. त्याचें इंजिन बंद पडल्यास वैमानिक पात्यांचा कल तत्काळ कमी करतो. मग खालून येणाऱ्या वाऱ्यानें तीं पातीं, जत्रेंतील कागदी भिंगरीप्रमाणें, फिरत राहतात. जमिनीजवळ येतांच तो नाक वर करून वेग मोडतो आणि अखेरच्या क्षणीं पात्यांचा कल वाढवून त्यांच्या फिरण्यांत सांठलेली शक्ति खर्चितो. ही पुंजी एकदांच खर्चितां येते. घाई केली तर हेलिकॉप्टर अधांतरीं राहून कोसळतें. विलंब केला तर तसेंच आदळतें. म्हणूनच या विद्येचा सराव शिक्षकास शेजारीं बसवून पुनःपुन्हां करावा लागतो.

आदळण्याचा खरा धोका मात्र पुष्कळदां उतरल्यानंतर सुरू होतो. चाकाच्या दांड्यास गेलेली बारीक चीर डोळ्यांस दिसत नाहीं. शिकाऊनें धक्क्याची हकीकत सांगितली, तर कारागीर विमान तपासतो व मगच तें पुन्हां उडतें. लाजेनें वा रागवणीच्या भयानें तो गप्प राहिला, तर त्याच विमानांत दुसरे दिवशीं दुसरा विद्यार्थी बसतो, आणि ती चीर त्याच्या वांट्यास येते.

वर्गांतील बाकाचा मोडलेला पाय बेमालूम टेकवून ठेवणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. पडतो तो नंतर येऊन बसणारा. चूक झाल्याबद्दल वैमानिकास कोणी कायमचा दोष देत नाहीं. शिकतांना ती व्हावयाचीच. परंतु झाली तेव्हां सांगणें, हा त्या विद्येचाच भाग आहे, आणि तो शिकण्यास विमानांत बसण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.