स्नेह आणि मांस : पथ्याचा विवेक

डहाणू-तलासरीच्या वरकस उतारांवर पावसाळा सरताना खुरासणी पिवळीधमक फुलते. हलक्या जमिनीत केवळ पावसावर येणारे हे पीक मधमाश्यांनाही पोसते. याउलट, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पूअर व नेमेचेक यांच्या जागतिक अभ्यासानुसार प्रथिनांच्या मानाने गोमांसापोटी होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन अन्य खाद्यांहून कितीतरी अधिक आहे. १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र जाहीर झालेल्या डहाणूस हा विचार परका नाही.

आरोग्याचा निर्णय मात्र इतका सरळ नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात, पशुमांसांत गोमांस अपथ्यतम गणले आहे; परंतु त्याच ठिकाणी वनस्पतिज स्नेहांत करडईचे तेलही अहिततम ठरविले असून तिळतेलास श्रेष्ठत्व दिले आहे. सत्ताविसाव्या अध्यायात तर शुष्ककास, विषमज्वर, मांसक्षय यांत गोमांसाची उपयुक्तताही नोंदविली आहे. तात्पर्य, वनस्पतिज ते सारे पथ्य, असे आचार्य म्हणत नाहीत.

शिवाय तेलात प्रथिने नसतात. कृश रुग्णास 'मांस सोडा, तेल घ्या' एवढेच सांगणे आम्हांस अपुरे, किंबहुना घातक वाटते. त्याच्या ताटात डाळ, खुरासणीची चटणी, चालत असल्यास सुकी मासळी आहे काय, हे आधी विचारावे. औषधालयचालकांनीही ध्यानी घ्यावे : लिनोलेइक आम्लाने समृद्ध असलेले खुरासणीचे तेल उष्णतेने व हवेने लवकर खवट होते. ते ताजे, थोडे आणि झाकूनच ठेवावे.