पन्नास लीटरचं शहर

२०१८च्या जानेवारीत विराट कोहलीचा संघ पहिली कसोटी खेळायला केपटाऊनला उतरला, तेव्हा बुमराहच्या पदार्पणाबरोबर आणखी एक बातमी आपल्याकडे चवीने वाचली गेली. खेळाडूंनी शॉवरखाली दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, अशी सूचना त्यांना मिळाली होती. कसोटीचा तिसरा दिवस पावसाने खाल्ला. चौथ्या दिवशी २०८ धावांचा पाठलाग करताना आपण १३५ वर आटोपलो, आणि अंघोळीची बातमी मागे पडली. वाया गेलेल्या त्या दिवसाबद्दल केपटाऊनमध्ये फारसं कुणी हळहळलं नसावं. तिथे पावसाची वाट बघून तीन वर्षं झाली होती.

केपटाऊनचा पाऊस हिवाळी, म्हणजे जून ते ऑगस्टचा. २०१५, २०१६ आणि २०१७ असे सलग तीन हिवाळे कोरडे गेले. शहराला पाणी देणाऱ्या सहा मोठ्या धरणांची एकत्र क्षमता सुमारे ९० कोटी घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत ३१-३२ टीएमसी. खडकवासला साखळीतल्या चार धरणांची क्षमता २९ टीएमसीच्या आसपास आहे, तेव्हा पुणेकरांना या आकड्याचा अंदाज लगेच येईल. लोकसंख्याही तेव्हा ४० लाखांच्या घरात होती. शिवाय याच पाण्यावर आसपासच्या द्राक्षबागा आणि सफरचंदाच्या बागा जगतात. दौंड-इंदापूरचा जसा खडकवासल्यावर हक्क, तसाच.

नगरपालिकेने एक तारीख जाहीर केली आणि तिला नाव दिलं ‘डे झीरो’. धरणांतला साठा १३.५ टक्क्यांवर आला की घरोघरचे नळ बंद होणार होते. मग सुमारे २०० केंद्रांवर रांग लावायची आणि माणशी २५ लीटर पाणी घेऊन जायचं. जानेवारीत ही तारीख २२ एप्रिलवरून १२ एप्रिलवर आली. १ फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लीटरची मर्यादा लागू झाली. त्यात अंघोळ, स्वयंपाक, धुणीभांडी, संडास सगळं आलं. जुन्या पद्धतीची फ्लशची टाकी एका वेळी नऊ लीटर घेते, हे लक्षात घेतलं की ५० लीटर किती लवकर संपतात ते कळतं. पण तारीख पुढे सरकू लागली. मे, मग जून, मग जुलै. मार्चमध्ये जाहीर झालं की या वर्षी डे झीरो येणार नाही. २०१५च्या उन्हाळ्यात रोज १२० कोटी लीटरपर्यंत पाणी वापरणारं हे शहर ५० कोटींच्या आसपास आलं होतं.

हे कसं झालं, याची जगभर सांगितली जाणारी गोष्ट भीतीची आणि सद्गुणाची आहे. प्रांताच्या मुख्यमंत्री हेलन झिले यांनी आपण तीन दिवसांतून एकदा अंघोळ करतो, असं सांगून टाकलं. लोक शॉवरखाली बादली ठेवून तेच पाणी संडासात ओतू लागले. गायकांनी आपली गाजलेली गाणी दोन मिनिटांची करून दिली. गाणं संपलं की नळ बंद. नगरपालिकेने एक नकाशा प्रसिद्ध केला, त्यात मर्यादेत पाणी वापरणाऱ्या घरांवर हिरवे ठिपके होते. शेजाऱ्याच्या घरावर ठिपका आहे आणि आपल्या नाही, ही टोचणी कुणालाही लागेल. हे सगळं खरं आहे, पण एवढ्याने शहराचा वापर निम्म्याखाली येत नाही. मोठा वाटा ज्या कामांचा होता त्यांची गाणी होत नाहीत.

त्यातलं पहिलं काम दाबाचं. पाइपमधला दाब जितका जास्त तितकी गळती जास्त, आणि फुटण्याचं प्रमाणही जास्त. शहराला सर्वाधिक दाब लागतो तो सकाळी आणि संध्याकाळी. मध्यरात्री सगळे नळ बंद असतात, त्यामुळे पाइपमधला दाब चढतो आणि पाणी प्रत्येक फटीतून बाहेर पडू लागतं. म्हणून गळती ओळखायची सोपी वेळ म्हणजे पहाटेचे दोन-तीन. भागाच्या मुख्य पाइपवर मीटर लावायचा. माणसं झोपलेली असताना जो प्रवाह दिसतो त्यातला बराचसा वाया जाणारा.

केपटाऊनला हा धडा दुष्काळाच्या बराच आधी मिळाला होता. खायेलित्शा ही वर्णभेदाच्या काळात शहराबाहेर वसवलेली कृष्णवर्णीयांची प्रचंड वस्ती. तिथल्या घरांतले नळ आणि फ्लशच्या टाक्या इतक्या हलक्या प्रतीच्या होत्या की रात्रीच्या दाबाने त्या अखंड वाहत आणि सगळं पाणी थेट गटारात जाई. २००१ मध्ये वस्तीच्या तोंडाशी दाब कमी करणाऱ्या झडपा बसवल्या, आणि वर्षाला सुमारे ९०० कोटी लीटर पाणी वाचू लागलं. कुणालाही उपदेश न करता आणि कुणाची अंघोळ न चुकवता. दुष्काळात हाच उपाय शहरभर केला गेला.

आपल्याकडे हे जसंच्या तसं करता येत नाही, कारण आपले पाइप बहुतेक वेळ रिकामेच असतात. दिवसातून दोन तास पाणी येतं तिथे रात्रीचा प्रवाह मोजणार कसा? उलट ठरावीक वेळच्या पाण्याने वापर वाढतो. नळ उघडाच राहतो, पिंप भरून वाहतं, आणि दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून मोरीत ओतलं जातं. कराडला लागून असलेल्या मलकापूरने २००९च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू केलं, तेही मीटरवर आणि वापराबरोबर चढत जाणाऱ्या दराने. लोक उधळपट्टी करतील ही भीती खोटी ठरली. साठवायची गरज संपली तशी ओतून द्यायचीही संपली आणि वापर उतरला. लातूरची गोष्ट याच्या उलट. २०१६ मध्ये तिथे मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पहिल्या गाडीत ५ लाख लीटर. लातूरकरांचाही वापर तेव्हा घटला होता, पण त्याला बचत म्हणायची माझी तयारी नाही.

दुसरं काम मीटरचं. केपटाऊनला घराघराचा वापर दर महिन्याला कळत होता, म्हणून ५० लीटर या आकड्याला अर्थ होता. वरच्या टप्प्यांचे दर जबर वाढवले. बेसुमार वापर थांबवत नाहीत अशा घरांना एक यंत्र बसवलं गेलं, जे दिवसाला ३५० लीटर दिले की पुरवठा तोडत असे. घरपट्टीच्या हिशोबात पाणीपट्टी बसवणाऱ्या शहराला यातलं काहीच करता येत नाही. तिथे दोन माणसांचं घर आणि बागेत रोज पाइप सोडणारा बंगला यांच्यातला फरक पाण्यावरून कळतच नाही.

तिसरं काम शहराबाहेरचं. शेतीचं पाणी ६० टक्क्यांपर्यंत कापलं गेलं. फेब्रुवारीत ग्रूनलँड भागातल्या बागायतदारांच्या संघाने आपल्या खासगी धरणांतलं एक कोटी घनमीटर पाणी शहरासाठी सोडलं. तेव्हाच्या वापराने ते शहराला जवळपास वीस दिवस पुरावं. डे झीरो पुढे सरकली त्यात या पाण्याचाही हात होता. शहरातल्या उत्सवी कहाण्यांत मात्र बागायतदार क्वचितच भेटतात, आणि शेतमजुरांचे बुडालेले दिवस तर त्याहून कमी.

समानतेचंही असंच. झोपडपट्ट्यांतल्या लाखो लोकांना नळावरची रांग नवी नव्हती. शहराच्या एकूण पाण्यातला त्यांचा वाटा चार-पाच टक्क्यांचाच होता. २०२३ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात केपटाऊनवरचा एक अभ्यास आला. त्याच्या अंदाजानुसार श्रीमंत आणि उच्च मध्यमवर्गीय घरं लोकसंख्येच्या १४ टक्क्यांहून कमी, पण त्यांचा पाणीवापर निम्म्याहून अधिक. पोहण्याचे तलाव आणि हिरवळी तिथेच होत्या. त्यामुळे कपात मुख्यतः तिथेच झाली, यात त्यागाइतकाच गणिताचाही भाग आहे. ज्यांना परवडलं त्यांनी बोअर मारून घेतल्या. ते पाणी नगरपालिकेच्या मीटरवर दिसत नाही, तेव्हा कागदावर तीही बचतच.

२०१८च्या हिवाळ्यात बरा पाऊस झाला, २०२० मध्ये धरणं काठोकाठ भरली आणि नोव्हेंबरपासून निर्बंध उठले. वापर वाढला, पण पुन्हा २०१५च्या पातळीला लगेच गेला नाही. फ्लशच्या टाक्या बदललेल्या होत्या, झडपा बसलेल्या होत्या, हिरवळी काढून दगडगोटे घातलेले होते. सवयी सुटतात, नळकाम टिकतं.

एक भांडण मात्र दुष्काळ ओसरू लागताच पेटलं. नगरपालिका पाणी विकते. लोकांनी निम्मं पाणी घेतलं तर उत्पन्न कोसळतं, पण धरण, पंप, पाइप आणि पगार यांचा खर्च तसाच राहतो. मालमत्तेच्या किमतीवर दुष्काळी अधिभार लावायचा प्रस्ताव आधीच हजारो हरकतींपुढे मागे घ्यावा लागला होता. मग जुलै २०१८ पासून नळजोडाच्या व्यासानुसार स्थिर आकार बिलात आला. पाणी वापरा वा न वापरा, तो भरायचाच. ज्यांनी बादल्या वाहून पाणी वाचवलं त्यांचंच बिल फुगलं. त्यांचा संताप मला पटतो आणि नगरपालिकेचा हिशोबही. गळती काढणारा माणूस पगारावर ठेवायचा तर पैसा कुठून तरी यायलाच हवा, आणि तो पाण्याच्या खपावर अवलंबून ठेवला तर कोणती नगरपालिका मनापासून खप कमी करील? पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेखाली मीटर बसत आहेत आणि त्यांना विरोधही होतो आहे. वापरानुसार बिलं येऊ लागली की स्थिर आकार किती आणि वापराचा दर किती, हा वाद सोसायट्यांच्या वार्षिक सभांमध्ये रंगेल.