चेंडू दूर का जात नाही?

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा त्यांच्या मनात लसीकरण किंवा बालदमा यांपैकी एखादा विषय असणार हे उघड होते. त्या विषयांवर मी या पानांतून आजवर पुरेसे लिहिले आहे. या वेळी वाचकांची क्षमा मागून गोल्फविषयी लिहितो. आपल्या मंडळातील काही सभासद सकाळी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील मैदानावर नियमाने दिसतात. खेळानंतर चहा घेताना त्या सर्वांचा प्रश्न एकच असतो: आपला चेंडू आणखी वीस-पंचवीस यार्ड पुढे कसा जाईल? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी माझी एक बरगडी गमावली, म्हणून या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजतो.

जे हा खेळ खेळत नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. जमिनीत खोचलेल्या लहानशा खुंटीवर, म्हणजे टी-वर, चेंडू ठेवून पहिला लांब फटका मारतात, तो ड्राइव्ह. त्यासाठी वापरला जाणारा सर्वांत लांब दांड्याचा क्लब म्हणजे ड्रायव्हर. चेंडूचे वजन नियमाने जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, आणि ड्रायव्हरच्या डोक्याचे वजन साधारण दोनशे ग्रॅम. या दोहोंचा परस्परांशी संपर्क किती काळ टिकतो? सुमारे अर्धा मिलिसेकंद. मज्जातंतूतून संदेश मेंदूपर्यंत पोहोचण्याच्या आत चेंडू निघून गेलेला असतो. अर्थात फटक्याच्या क्षणी 'जोर लावणे' ही गोष्ट मुळातच अस्तित्वात नाही. जे काही करावयाचे ते त्याआधी झालेले असावे लागते.

आता थोडे पदार्थविज्ञान. विसरले असेल, तरी इंटर सायन्सला किंवा बारावीला आपण सर्वांनी हे केलेले आहे. दोनशे ग्रॅमचे डोके शेहेचाळीस ग्रॅमच्या चेंडूवर आदळले आणि टकरीचा प्रत्यानयन गुणांक ०.८३ धरला, तर चेंडूची गती डोक्याच्या गतीच्या जवळजवळ दीडपट येते. नियमांनी आधुनिक ड्रायव्हरच्या लवचिकतेला मर्यादा घातली आहे ती याच सुमारास. म्हणून दीडपटीपलीकडे कोणालाही जाता येत नाही. तथापि चेंडू डोक्याच्या मध्यावर न लागता टोकाकडे किंवा टाचेकडे लागला, तर हे गुणोत्तर खाली येते.

रडारवर चालणाऱ्या ट्रॅकमॅन या यंत्राने घेतलेल्या मोजण्या या संदर्भात पाहण्यासारख्या आहेत. सर्वसाधारण हौशी पुरुष खेळाडूच्या क्लबची गती ताशी ९३ मैलांच्या आसपास असते, तर अमेरिकेतील व्यावसायिक स्त्री-खेळाडूंची सरासरी ९४ मैलांच्या आसपास. म्हणजे वेग जवळजवळ सारखाच. परंतु हौशी पुरुषाचा चेंडू घरंगळत जाण्यासह सुमारे २१४ यार्ड जातो आणि त्या स्त्रियांचा चेंडू नुसता हवेतूनच सुमारे २१८ यार्ड जातो. जमिनीवर पडून पुढे जातो तो वेगळाच. याचे कारण त्यांचा चेंडू डोक्याच्या मध्यावर लागतो, क्लब किंचित वर चढत असताना लागतो, आणि त्याला अनावश्यक उलटी फिरकी बसत नाही. तात्पर्य, आपल्यापैकी पुष्कळांना हवे असलेले वीस-पंचवीस यार्ड दंडात नव्हे, तर नेमकेपणात दडलेले आहेत. (हे वाक्य मी चहाच्या टेबलावर उच्चारले तेव्हा फारसे कोणाला आवडले नाही.)

तरीही वेग हवाच, हे खरे. ब्रायसन डीशॅम्बोने शरीर कमावून वेग वाढवला आणि २०२० ची अमेरिकन ओपन स्पर्धा सहा फटक्यांच्या फरकाने जिंकली, हे आपण पाहिले. प्रश्न एवढाच, की वेग कोठून येतो?

येथे मला माझ्या व्यवसायाची आठवण होते. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला चेंडू फेकायला सांगा. ते समोर तोंड करून उभे राहते, पाय जमिनीला खिळलेले, आणि केवळ हाताने चेंडू ढकलते. साडेतीन ते पाच वर्षांचे मूल धड फिरवते, पण छाती आणि कंबर एकाच ओंडक्यासारखी. पाच-सहाव्या वर्षी ते एक पाऊल पुढे टाकते, मात्र ज्या हाताने फेकायचे त्याच बाजूचे. पुढे साडेसहा-सात वर्षांच्या सुमारास कधीतरी विरुद्ध पाय पुढे पडतो, आधी कंबर वळते, मग छाती, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. चेंडू एकाएकी दुप्पट दूर जातो आणि आईबाप म्हणतात, पोराच्या अंगात ताकद आली. खरे म्हणजे ताकद तेवढीच असते. त्याला क्रम सापडलेला असतो.

ड्राइव्ह हाही एक प्रकारचा फेकण्याचाच व्यापार आहे. पन्नाशीत गोल्फ सुरू करणारा माणूस टी-समोर उभा राहिला की पुन्हा अडीच वर्षांचा होतो: पाय खिळलेले, कंबर स्थिर, आणि सारा भार दोन हातांवर. जे आपण सातव्या वर्षी शिकलो होतो ते हातात काठी आली आणि समोर चेंडू स्थिर दिसला की विसरतो. क्रिकेट खेळून आलेल्यांची आणखी एक अडचण असते. येणाऱ्या चेंडूवर बॅट आणण्याची त्यांच्या हातांना इतकी सवय असते, की स्थिर चेंडूवरही ते हातांनी धावून जातात.

उत्तम स्विंगमध्ये खाली येतानाचा क्रम असा असतो. क्लब अजून मागे जात असतानाच डाव्या पायावर भार येऊ लागतो (उजव्या हाताने खेळणाऱ्याविषयी बोलत आहे). त्यानंतर श्रोणी डावीकडे वळते. तिच्यामागून छाती, छातीमागून हात आणि सर्वांत शेवटी क्लब. प्रत्येक भाग आपला कमाल वेग गाठून मंदावतो आणि मंदावताना आपली ऊर्जा पुढच्या, अधिक हलक्या भागाला देतो. शेतातल्या माचाणावरून गोफण फिरवणारा राखणदार ज्याने पाहिला असेल, त्याला हे निराळे सांगायला नको. दगड सुटतो तेव्हा त्याचा हात जवळजवळ थांबलेला असतो. बेन होगन या खेळाडूने आपल्या १९५७ च्या पुस्तकात खाली येण्याची सुरुवात कंबरेने करावी, हे आग्रहाने सांगितले. पुढे १९६८ मध्ये कॉक्रन आणि स्टॉब्ज यांच्या ग्रंथाने स्विंगचे गणित दुहेरी लंबकाच्या रूपात मांडले: एक लंबक हातांचा, दुसरा क्लबचा आणि मधली बिजागरी मनगटाची.

ही बिजागरी म्हणजे सर्व प्रकरणाची गुरुकिल्ली म्हणता येईल. वर नेलेला क्लब आणि डावा हात यांच्यात जो काटकोन असतो, तो खाली येताना शक्य तितका उशिरा आणि आपोआप उघडला पाहिजे. मुठीने आवळून, मनगटाने ढकलून तो आधीच उघडला, तर वेग चेंडूपाशी न येता त्याच्या दोन फूट मागेच खर्च होतो. म्हणून पकड घट्ट नको. सुटणार नाही इतपतच हवी. आपल्या बडोद्याला जुम्मादादा व्यायाममंदिरामुळे मुद्गलांची ओळख जुनी आहे. ज्याने लहानपणी मुद्गल फिरवले असतील त्याला ठाऊक असते, की मूठ आवळली की मुद्गल जड होतो आणि सैल धरला की तोच आपल्याला फिरवतो. माझ्या कॅडीला यातले पदार्थविज्ञान माहीत नव्हते. पहिल्या आठवड्यात तो एवढेच म्हणाला, "साहेब, जोर ओछुं करो." मी ऐकले नाही.

आता त्या बरगडीविषयी. पन्नाशी ओलांडल्यावर खेळ सुरू केला आणि महिनाभरातच लांबीचे वेड लागले. रोज सकाळी दवाखान्यापूर्वी शंभर-सव्वाशे चेंडू, सगळे ड्रायव्हरने, सगळे सर्व ताकदीनिशी. तिसऱ्या आठवड्यात डाव्या खांद्याच्या पात्याखाली, किंचित बाजूस, दुखू लागले. स्नायू ओढला गेला असेल, असे स्वतःच निदान करून वेदनाशामक गोळ्या घेतल्या आणि खेळ चालूच ठेवला. दीर्घ श्वास घेताना कळ येऊ लागली तेव्हा क्ष-किरण चित्र काढले, ते निर्दोष आले. त्याने तर मला अधिकच धीर आला. शेवटी एका अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने बोटाने नेमकी जागा दाबली, मी ओरडलो, आणि त्याने बोन स्कॅन करवला. पाचव्या बरगडीला ताण-अस्थिभंग होता. "एखाद्या मुलाच्या आईने तीन आठवडे असे दुखणे अंगावर काढले असते, तर तू तिला काय म्हणाला असतास?" त्याने विचारले. मी काही बोललो नाही.

गोल्फमध्ये, विशेषतः नवशिक्यांत, हा अस्थिभंग पुढच्या बाजूच्या, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या बाजूच्या, चौथ्या ते सहाव्या बरगडीला मागे-बाजूस होतो, हे वैद्यकीय साहित्यात नमूद आहे. सेरेटस अँटीरियर हा स्नायू थकला की त्याने झेलावयाचा ताण हाडावर पडतो, अशी त्याची उपपत्ती दिली जाते. सुरुवातीच्या साध्या क्ष-किरण चित्रात तो पुष्कळदा दिसत नाही. आपल्यापैकी कोणाकडे असा रुग्ण 'मानेमागचे दुखणे' म्हणून आला, तर तो सध्या काय खेळतो हे जरूर विचारावे.

बरगडी हे तसे दुर्मीळ दुखणे. हौशी गोल्फ-खेळाडूचे नेहमीचे दुखणे म्हणजे कंबर. शरीररचनाशास्त्र आठवून पाहा. कटिप्रदेशाचे पाचही मणके मिळून एका बाजूस जेमतेम दहा-बारा अंश वळतात. त्यांच्या सांध्यांची ठेवणच वळण्यास प्रतिकूल आहे. छातीचे मणके पस्तीस अंशांच्या आसपास वळतात, आणि उरलेले वळण खुब्यांनी द्यावयाचे असते. बॅकस्विंगमध्ये खांदे साधारण नव्वद अंश वळवायचे असतात. वयोमानाने छातीचे मणके ताठ झाले, खुब्याचे अंतर्वलन कमी झाले, की तो हिशेब कटिप्रदेशाकडून वसूल केला जातो. पुढच्या पायाच्या खुब्याचे अंतर्वलन कमी असणे आणि कंबरदुखी यांचा संबंध खेळाडूंमध्ये आढळलेला आहे. त्यातच स्विंगच्या वेळी खालच्या मणक्यांवर येणारा दाब शरीराच्या वजनाच्या आठपटीपर्यंत मोजला गेला आहे. टायगर वुड्सच्या कमरेचे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया २०१७ च्या एप्रिलमध्ये झाली, ती त्याच्या पाठीवरील चौथी होती. दोन वर्षांनी त्याने मास्टर्स स्पर्धा जिंकली, ही गोष्ट थोर खरी; पण आपण रोज दवाखान्यात बसणारी माणसे आहोत.

खांदे पुष्कळ वळवावेत आणि कंबर घट्ट रोखून धरावी, त्यामुळे स्नायू ताणले जाऊन अधिक वेग मिळतो, असा एक उपदेश गेली तीसेक वर्षे लोकप्रिय आहे. आकुंचनापूर्वी ताणलेला स्नायू अधिक जोर देतो, हे शास्त्र म्हणून बरोबरच आहे. परंतु तो उपदेश पंचविशीतल्या लवचिक शरीरासाठी आहे. आपल्या वयात बॅकस्विंगमध्ये कंबर खुशाल वळू द्यावी आणि डावी टाच जमिनीवरून उचलली गेली तर उचलू द्यावी. जॅक निकलॉस आयुष्यभर टाच उचलूनच खेळला, आणि लांब फटक्यांत त्याच्या काळी त्याच्या तोडीचे थोडेच होते. टाच उचलण्याचा दुसराही फायदा असा, की ती पुन्हा जमिनीवर टेकवणे हीच खाली येण्याची पहिली हालचाल ठरते, आणि सात वर्षांच्या मुलाचा तो हरवलेला क्रम आपोआप परत येतो. डाव्या पायाचा चवडा किंचित बाहेर वळवून उभे राहावे, म्हणजे डाव्या खुब्याला कमी वळावे लागते. होगननेही तसेच सांगितले आहे.

लयीविषयी एक निरीक्षण सांगण्याजोगे आहे. नामांकित खेळाडूंच्या चित्रफितींवरून असे दिसते, की वर नेण्यास लागणारा वेळ आणि तेथून चेंडूपर्यंत येण्यास लागणारा वेळ यांचे प्रमाण तीनास एक असे असते; साधारण पाऊण सेकंद आणि पाव सेकंद. हौशी माणूस वर नेताना नको तितका सावकाश जातो आणि वरून एकदम झडप घालतो. मी सध्या मनात एक-दोन-तीन म्हणत क्लब वर नेतो आणि चार म्हणताना चेंडूवर येतो.

चेंडू ठेवण्याची जागा डाव्या टाचेच्या रेषेत, आणि टी इतकी उंच की चेंडूचा निम्मा भाग ड्रायव्हरच्या माथ्यावर दिसावा. एवढ्याने क्लब चढत असताना चेंडू भेटतो. हा बदल करण्यास काहीच श्रम पडत नाहीत आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त यार्ड त्यानेच दिले. चेंडू कोठे लागतो हे कळण्यासाठी क्लबच्या चेहऱ्यावर आपल्याच दवाखान्यातील टाल्कम पावडर किंचित फासावी. प्रत्येक फटक्याचा ठसा उमटतो. माझे पहिले दहा ठसे दहा ठिकाणी होते.

बरगडी भरून येण्यास दीड महिना लागला. परत गेलो तेव्हा कॅडीने पिशवीतून ड्रायव्हर काढलाच नाही. सात नंबरचे आयर्न हातात दिले आणि टाच उचलून अर्ध्या स्विंगने मारायला सांगितले. पंधरा दिवस मी तेवढेच करीत होतो, आठवड्यातून तीन दिवस, एका वेळी चाळीस चेंडू, त्याआधी दहा मिनिटे चालणे आणि खांदे-कंबर फिरवणे. ड्रायव्हर परत मिळाला तो तिसऱ्या आठवड्यात. त्या सकाळी चेंडू जेथे पडला ते अंतर मी पावलांनी मोजले. आधीपेक्षा अठरा पावले पुढे होता, आणि श्वास घेताना काही दुखले नाही.