संगणक घेताना : पेटीच्या आत काय आहे ते पाहा



दहावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, मुलाला कॉम्प्युटर घ्यायचा आहे, कोणता घेऊ?" विचारणाऱ्यांत शेतकरी असतात, विडी कामगार माता-भगिनी असतात, छोटे दुकानदार असतात. कित्येकजण सोसायटीचे कर्ज काढून ही खरेदी करतात. तिकडे विश्वस्त मंडळापुढेही असाच प्रश्न आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने थांबवला. मग संगणक कक्षातील जुनी यंत्रे काढून टाकायची की सुधारायची? पैसा घरचा असो की देणगीचा, तो कष्टाचा आहे. म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, संगणकाचे नाव आणि पेटीवरचे रंगीत दिवे पाहून खरेदी करू नये. आधी काम ठरवावे, मग त्या कामाला लागणारे भाग पाहावेत. पैसे कमी पडत असतील तर कोणत्या भागात काटकसर चालते आणि कोणत्या भागात चालत नाही, एवढे समजले तरी पुरे.

तयार घ्यावा की जोडून घ्यावा?

सुटे भाग निवडून जोडलेले यंत्र कमी प्रतीचे असते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. १९८० च्या दशकात भारताला हवे तसे शक्तिशाली महासंगणक अमेरिकेकडून मिळेनात. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. अकोला जिल्ह्यातील डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. त्यात बसवलेले प्रोसेसर इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे, बाजारात मिळणारेच होते. भाग बाजारातले, पण त्यांची निवड आणि जोडणी आपली. घरच्या संगणकालाही हीच गोष्ट लागू आहे. भाग एकमेकांना साजेसे असतील तर साधे यंत्रही चांगले चालते. एक भाग महागडा आणि बाकीचे दुबळे असतील, तर महाग भागाचे पैसे वाया जातात.

प्रोसेसर : नावापेक्षा पिढी महत्त्वाची

"आय-सेव्हन आहे साहेब, एकदम टॉप," असे सांगून जुनी यंत्रे विकली जातात. आय३, आय५, आय७ हे फक्त वर्ग आहेत. पुढचा आकडा पिढी सांगतो. आय७-४७७० हा चौथ्या पिढीचा, २०१३ सालचा. आय३-१२१०० हा बाराव्या पिढीचा, २०२२ सालचा. नावाने लहान असला तरी हा आय३ त्या जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो आणि वीजही कमी घेतो. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर अधिकृतपणे चालतो. 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोयही यंत्रात असावी लागते. वापरलेले यंत्र घेताना हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

दुसरी एक खूण लक्षात ठेवावी. इंटेलच्या आकड्यांनंतर 'एफ' हे अक्षर असेल, तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते. अभ्यास, टायपिंग, टॅली, प्रोग्रॅमिंग शिकणे आणि व्हिडिओ पाठ पाहणे यांसाठी वेगळ्या कार्डाची मुळीच आवश्यकता नाही. म्हणून 'एफ' नसलेला घ्यावा. ज्यांना व्हिडिओ संपादन, त्रिमितीय आराखडे किंवा मोठे खेळ करायचे आहेत, त्यांनीच कार्डाचा विचार करावा.

मदरबोर्ड प्रोसेसरला जुळणारा लागतो. मेमरीही त्याच्या प्रकाराची लागते. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही. बोर्डावर मेमरीची एक खाच रिकामी राहील, असे पाहावे.

मेमरी आणि एसएसडी : येथे काटकसर नको

संगणक 'स्लो' झाला की लोक प्रोसेसरला दोष देतात. बहुतेक वेळा दोष जुन्या हार्ड डिस्कचा असतो. विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ जातो. सुई योग्य जागी सरकायचा वेळ आणखी वेगळा. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. तेथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होते. संगणक सुरू होताना अशा हजारो लहान लहान फायली वाचतो. म्हणून नुसती एसएसडी बसवली तरी जुने यंत्र नवे झाल्यासारखे वाटते. २५६ जीबी कामापुरती आहे, ५१२ जीबी उत्तम.

मुले विचारतात, "५१२ ची एसएसडी घेतली, मग संगणक ४७६ च का दाखवतो?" फसवणूक झालेली नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच फरक.

मेमरी आज ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. १६ जमली तर पुढची काही वर्षे चिंता नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांकडून मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव खूप चढले. म्हणून आज ८ घेऊन रिकाम्या खाचेत पुढे आणखी ८ बसवणे, हा मध्यमवर्गीय मार्ग योग्य आहे. दोन सारख्या पट्ट्या एकत्र काम करतात तेव्हा वेगही थोडा वाढतो.

वीज : सर्वात दुर्लक्षित भाग

पेटीच्या आतील वीजपुरवठा, ज्याला दुकानात 'एसएमपीएस' म्हणतात, तो गिऱ्हाईक कधी विचारत नाही. त्यामुळे पेटीसोबत स्वस्तातला येतो. त्यावर '४५० वॅट' लिहिलेले असले तरी तो तेवढा भार पेलेलच असे नाही. आणि तो जळाला तर कधी कधी बोर्डालाही घेऊन जातो. ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा संगणक पूर्ण भारावरही साधारण १०० वॅटच्या आसपासच वीज घेतो. म्हणजे मोठा आकडा नको, प्रामाणिक आकडा हवा. '८० प्लस' ही खूण असलेला, नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस घ्यावा. पेटी साधी घेऊन वाचलेले पैसे येथे घालावेत.

यूपीएसच्या आकड्यातही घोळ होतो. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. अशा यूपीएसची क्षमता बहुधा ३६० वॅटच असते. काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरता तो वेळ देतो, तासभर चालवण्यासाठी तो नसतो. त्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते.

आपल्या भागात मृगाच्या आधी वळवाचा पाऊस विजांसह येतो. जुन्या घरांमध्ये अर्थिंगची अवस्था काय असते, हे सर्वांना ठाऊक आहे. संगणकाच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर बहुधा अर्थिंग नाही असे समजावे आणि वायरमनला बोलवावे. तीन पिनांतली जाड पिन काढून टाकणे हा उपाय नव्हे, तो धोका आहे. विजा चमकू लागल्या की प्लग आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावे.

कळफलक : आपल्या चार भाषांचा विचार

आपल्या मुलांना मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा चारही भाषांत लिहावे लागते. एकेकाळी पडद्यावर देवनागरी दिसण्यासाठी संगणकात 'जिस्ट कार्ड' नावाचा वेगळा भाग बसवावा लागे. आज युनिकोडमुळे ही सोय प्रत्येक संगणकात आहे, त्यासाठी जादा पैसे मागितले तर देऊ नयेत.

भारतीय मानक असलेली 'इनस्क्रिप्ट' मांडणी मुलांनी शिकावी, असा आमचा आग्रह आहे. तिच्यात एका उच्चाराला एकच कळ असते, लिपी कोणतीही असो. इंग्रजी 'के'च्या कळीवर मराठीत 'क' येतो, कन्नड निवडले की कन्नड 'क' येतो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे हिंदीसाठी बसलेली बोटे मराठीलाही चालतात, हे आम्ही अनुभवाने सांगतो. फक्त 'ळ' आवर्जून शोधावा लागतो. तो शिफ्टसह 'एन'च्या कळीवर आहे. सीमाभागातल्या मुलाने मराठी टायपिंग शिकले की कन्नड टायपिंग अर्धे शिकून झाले. कर्नाटकातील कार्यालयांत 'नुडी'ची वेगळी मांडणीही वापरात आहे, ती नंतर गरजेप्रमाणे शिकता येते.

बेळगावात की कोल्हापुरात?

निपाणीकरांना दोन्ही बाजारपेठा जवळ. पूर्वी दोन राज्यांचे कर वेगळे होते, म्हणून "कोल्हापुरात स्वस्त" किंवा "बेळगावात स्वस्त" अशा चर्चा चालत. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. संगणकावर दोन्हीकडे १८ टक्केच कर आहे. म्हणून भावातल्या थोड्या फरकापेक्षा बिघाड झाल्यावर दुकान किती जवळ आहे, हे पाहावे. "बिल नको, कमी करून देतो" हे कधीही मान्य करू नये. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगवेगळी असते आणि ती बिलावरच मिळते. बिलात प्रत्येक भागाची कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा.

दुकानातच एक चाचणी करावी. यंत्र सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबाव्यात. 'परफॉर्मन्स'च्या पानावर प्रोसेसरचे नाव, मेमरी किती व किती खाचा भरलेल्या, डिस्क एसएसडी आहे की नाही, हे सर्व दिसते. बिलाशी ताडून पाहावे. हे काम आठवीचा विद्यार्थीही करू शकतो, आणि त्यालाच करू द्यावे.

जुन्या यंत्रांचे काय?

शाळेच्या यंत्रांबाबत आमची विश्वस्त मंडळास विनंती अशी आहे की, सरसकट भंगार आणि सरसकट नवी खरेदी हे दोन्ही टाळावे. आठव्या पिढीपासून पुढची यंत्रे एसएसडी आणि मेमरी वाढवून, टीपीएम तपासून विंडोज ११ वर न्यावीत. त्याहून जुनी पण चालू यंत्रे एसएसडी बसवून लिनक्सवर चालवावीत. सी-डॅकचे 'बॉस' किंवा उबुंटू विनामूल्य आहे, त्यात मराठी व कन्नड दोन्ही चालतात. टायपिंग आणि प्रोग्रॅमिंगचे प्राथमिक धडे त्यावर उत्तम होतात. घड्याळ वारंवार चुकणारे यंत्र तर बहुधा बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी बदलली की सुधारते. जी खरोखर मेली आहेत, ती भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावीत.

पालकांनी खरेदीपूर्वी दुकानदाराचे कोटेशन घेऊन शाळेत यावे. संगणक शिक्षक आणि वरच्या वर्गातील विद्यार्थी ते तपासून देतील. कोटेशन वाचता येणे हेही शिक्षणच आहे, आणि ते घरातल्या पैशावर घडते तेव्हा मूल ते विसरत नाही.