सैन्याचा खर्च आणि सभागृहातील चर्चा

वडोदऱ्याच्या फत्तेगंज भागात लष्कराचे अभियांत्रिकी विद्यालय आहे. त्याच्या आवारातील ॲल्युमिनियमने मढविलेले दक्षिणामूर्तीचे मंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथे शिकून गेलेल्या जवानाच्या निवृत्तिवेतनाला मंजुरी कोण देते, हा प्रश्न मात्र आपल्या मनात क्वचितच येतो.

ती मंजुरी लोकसभा देते. आणि हा अधिकार सहजासहजी मिळालेला नाही. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात वाढत्या लष्करी खर्चावर टीका करून करांखाली दबलेल्या रयतेची बाजू मांडली. त्यांना बोलण्याची मुभा होती, अंदाजपत्रकावर मत देण्याची नव्हती. १९१९ च्या सुधारणांनंतरही हा खर्च मतदानाबाहेरच राहिला. स्वतंत्र भारताच्या घटनेने तो लोकप्रतिनिधींच्या संमतीखाली आणला.

अशा चर्चेने सैन्याचे मनोबल खचते, असे काही जण म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये चिनी आक्रमण चालू असताना लोकसभेची बैठक गुप्त घ्यावी, अशी सूचना पुढे आली होती. पंडित नेहरूंनी ती मानली नाही. चर्चा उघडपणे झाली. त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचा अभिमान घरोघरी दाटला.

अलीकडचे उदाहरण 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' या मागणीचे. हुद्दा तोच, सेवेची वर्षे तीच; पण आधी निवृत्त झालेल्याच्या हाती कमी रक्कम पडे. राज्यसभेच्या याचिका समितीने डिसेंबर २०११ मध्ये ही मागणी मान्य करण्याची शिफारस केली. प्रत्यक्ष आदेश निघाला ७ नोव्हेंबर २०१५ रोजी. वृद्ध सैनिकाच्या व वीरपत्नीच्या आयुष्यात चार वर्षे म्हणजे थोडा काळ नव्हे.

असे असूनही १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेने गोंधळात सर्व खात्यांच्या मागण्या चर्चेविना संमत केल्या. संरक्षणाच्या मागण्याही त्यांतच होत्या. पैसा मंजूर झाला, परंतु तो पुरेसा आहे काय आणि योग्य हाती पोचतो काय, हे विचारावयाचे राहून गेले.

घरखर्चाचा हिशेब आपण पैशापैशाने तपासतो. त्यात कोणावर अविश्वास नसतो. जवानाच्या भाकरीचा हिशेबही सर्वांदेखत व्हावा. आपला खासदार मते मागावयास दारी येईल तेव्हा, त्या चर्चेत आपण काय बोललात, एवढे त्यास अवश्य विचारावे.