उलटी थांबली, शी अडली?

‘डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन दिलं आणि मांजरीची शीच बंद झाली.’ मांजरं पाळणारी चार माणसं जमली की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. पुढचं वाक्यही ठरलेलं: ‘मग आम्ही औषध बंद केलं.’

अहो, जरा हिशेब करा. मांजर दोन दिवस ओकतंय, पोटात अन्न टिकत नाही. जे आतड्यात गेलंच नाही, त्याची शी कुठून होणार? त्यात उलटीवाटे पाणी गेलेलं. शरीराला पाणी कमी पडलं की मोठं आतडं मळातलं पाणी ओढून घेतं आणि ट्रेमध्ये सुपारीएवढे कडक खडे सापडतात. हे सगळं सुई टोचण्याआधीच सुरू झालेलं असतं. पण सुई डोळ्यांना दिसली, म्हणून आळ तिच्यावर.

शिवाय ‘उलटीचं औषध’ हे काही एकच औषध नाही. मांजरांना बऱ्याचदा मॅरोपिटंट देतात. ते मेंदूतल्या उलटीच्या केंद्रात सबस्टन्स पी या रसायनाला आडवं येतं. टोचताना झोंबतं, ही तक्रार मात्र खरी. फ्रिजमधून काढून गारच टोचलं तर कमी झोंबतं. ऑन्डानसेट्रॉन सेरोटोनिनला अडवतं आणि सेरोटोनिन आतड्याच्या हालचालीलाही लागतं. माणसांत बद्धकोष्ठता हा त्याचा नेहमीचा दुष्परिणाम आहे, मांजरांतही तो होऊ शकतो. म्हणजे तक्रार करायचीच असेल तर निदान औषधाचं नाव तरी विचारून घ्या!

मेटोक्लोप्रमाइडची तऱ्हा उलटी. ते जठर आणि वरचं आतडं जास्त हलवतं. मांजरीने शिवणाचा दोरा गिळून तो आत अडकला असेल, तर हेच हलवणं जिवावर बेततं. म्हणून घरातल्या माणसांच्या उरलेल्या गोळ्या तिला देऊ नयेत. दोऱ्याचं एक टोक कधी जिभेच्या मुळाशी अडकलेलं दिसतं. दिसलं तरी ओढू नका, आतडं चिरतं.

गोळी दिल्यावर तोंडाला फेस आला की घर हादरतं. बहुतेक वेळा ती विषबाधा नसते, गोळी कडू लागलेली असते.

उलटी थांबली तरी मांजर खात नाही, म्हणजे औषध बाधलं? नाही. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या मांजरांवरचा २०१५चा अभ्यास सांगतो की मॅरोपिटंटने उलट्या कमी झाल्या, पण भूक आणि वजन वाढलं नाही. भुकेचं औषध वेगळं असतं. मात्र थांबून बघू नका. गुबगुबीत मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जीव धोक्यात येतो.

शी व्हावी म्हणून पॅराफिन तोंडात ओतणारेही आहेत. त्याला ना चव ना वास. ठसकाही न लागता ते फुफ्फुसात उतरू शकतं.

सगळ्यांत वाईट घोटाळा बोक्यांच्या बाबतीत होतो. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन कुंथतो, ओकतो, आणि घरचे ‘इंजेक्शनने कोठा धरला’ म्हणून दुधात तूप घालत बसतात. त्याची लघवी तुंबलेली असू शकते. मूत्रमार्ग बंद झाला तर एक-दोन दिवसांत खेळ खलास होतो. अशा वेळी शी शोधू नका, रेती ओली आहे का ते बघा. कोरडी असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दवाखाना गाठा.